चतुर्थी म्हणजे तीन

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत पंधरवड्यापूर्वी एका गृहस्थांनी तक्रार केली होती, की हल्लीची प्रोग्रामर मुलं स्वतः काही घडवत नाहीत. दुसऱ्याच्या वेब सेवेला हाक मारायची, आलेलं उत्तर आपल्या पानावर वाढायचं आणि त्यालाच प्रोग्रॅमिंग म्हणायचं. खाणावळीतून डबा आणून स्वयंपाक मी केला म्हणण्यासारखं, असा एकूण सूर होता. वाचून मी आधी चिडले. दुपारी भांडी घासताना वाटलं, गृहस्थ अर्धे बरोबर आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र. लांबलं आहे, कापायचा अधिकार आपला. फक्त तिथीचा हिशेब कापू नये ही विनंती.

मी देवगड तालुक्यात राहते. तेरा वर्षं एमएस-सीआयटीच्या वर्गावर शिकवलं. ज्यांच्या हाती मी पहिल्यांदा माउस दिला त्यांतले दोघे आता ग्रामपंचायतीवर निवडून आलेत आणि अजून मला बाई म्हणतात. घरची हापूसची कलमं आहेत. प्रोग्रॅमिंग मात्र चाळिशी उलटल्यावर शिकले, तेही हौसेनं नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. कलमांखाली आंब्यांचा सडा, वीज नाही, आणि कोणाला किती पेट्या द्यायच्या ते सगळं एका वहीत, माझ्या नवऱ्याच्या अक्षरात. ते अक्षर दुसऱ्या दिवशी त्यालाही लागत नाही. गिऱ्हाइकांना फोन करून नाही सांगण्यात आठवडा गेला, आणि तरी तिघांना सांगायचं राहिलंच.

पुण्याच्या भाच्यानं सांगितलं, मावशी, ऑर्डरींसाठी एक एपीआय लिही. ते काय असतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, खिडकी. स्टेशनवर तिकिटाची असते तशी. बाहेरचा ठरलेल्या पद्धतीनं विचारतो, आतला ठरलेल्या पद्धतीनं उत्तर देतो. आत काय गडबड चालली आहे याच्याशी बाहेरच्याला कर्तव्य नाही. फरक एवढाच, की खिडकीच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या जागी प्रोग्रॅम उभा असतो. इंटरनेटवर अशी खिडकी उघडली, की तीच वेब सेवा.

इतक्या वर्षांत याहून बरी व्याख्या मी वाचलेली नाही. पाठ्यपुस्तकात तर नाहीच.

गेल्या वर्षी एका कॉलेजात मुलांची प्रॅक्टिकलची तयारी करून घ्यायला मला बोलावलं होतं. नाव लिहीत नाही, कारण दोष त्यांच्या एकट्यांचा नाही. एका मुलीनं वेब सर्व्हिसची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. निरोप ज्या लखोट्यात घालायचा तो सोप, सेवेचं वर्णन लिहायची पद्धत म्हणजे डब्ल्यूएसडीएल, आणि यूडीडीआय, एकही शब्द चुकला नाही. यूडीडीआय म्हणजे जगातल्या वेब सेवांची जाहीर नोंदवही असावी, ही २००० साली निघालेली कल्पना. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेल्या जाहीर नोंदवह्या जानेवारी २००६ मध्ये बंद झाल्या. या मुलीचा जन्म २००५ चा. ती पाळण्यात असताना मिटलेली वही ती पाच मार्कांसाठी पाठ करत होती. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनच्या शाखेत प्रबंध लिहिला आणि त्यातून वेब सेवा बांधायच्या एका शैलीला रेस्ट हे नाव आलं, हेही तिला पाठ. रिप्रेझेंटेशनल स्टेट ट्रान्सफर, एका श्वासात. मी म्हटलं, छान, आता कुठल्याही एका सेवेला हाक मारून दाखव. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, बाई, प्रॅक्टिकलच्या वेळी लॅबमधलं नेट बंद असतं.

सोप टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. जुन्या बँकिंग आणि विम्याच्या यंत्रणांत एक्सएमएल या खुणांच्या भाषेतले ते लांबलचक लखोटे अजून ये-जा करतात आणि ज्याला तिथे नोकरी लागेल त्याला ते फोडता आलेच पाहिजेत. पण लखोट्याची व्याख्या लिहून कोणाला पत्र लिहिता आलेलं नाही.

माझी पहिली सेवा आंब्याची नव्हती. भाच्यानं बजावलं होतं की जिथे पैसे गुंतलेत ते आधी हातात घेऊ नकोस, काहीतरी लहान घे. ते लहान काय, हे मला सासऱ्यांनी दिलं, त्यांच्या नकळत. त्यांना तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला खाडीवर जायचं होतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलंच नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, “चतुर्थी. म्हंजे भरती तीनाक. तिसऱ्यो नऊच्या सुमाराक.”

कसं काय, म्हणून विचारलं.

“तिथीची पाऊणपट कर गो. टाइम गावतलो.”

चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला पूर्ण भरती, मग सहा तासांनी ओहोटी, म्हणून नऊ. दुपारी पुन्हा तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. ज्यांनी शाळेत पाऊणकी म्हटली आहे त्यांना बोटंसुद्धा लागत नाहीत. भरती रोज साधारण पाऊण तासानं, खरं म्हणजे थोडी जास्तच, पुढे सरकते आणि त्यावर हा आडाखा बसवलेला आहे. अर्थात आडाखाच तो. प्रत्येक बंदराची वेळ निराळी, आणि ज्याला होडी घालायची आहे त्यानं सर्वे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकंच बघावीत. पण तिसऱ्यांना तेवढं पुरतं.

ऐकता ऐकता मला वाटलं, ही तर भाच्याची खिडकी. आत तिथी जाते, बाहेर वेळ येते.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेब सेवा बांधायला फ्लास्क नावाची एक छोटी तयार चौकट आहे. तिचा जन्म २०१० च्या एप्रिल फूलच्या थट्टेतून झाला असं कळल्यावर माझी भीती जरा चेपली. तिच्यात बारा ओळींत माझी सेवा उभी राहिली. ब्राउझरात पत्ता लिहायचा, शेवटी प्रश्नचिन्ह, तिथी, बरोबरची खूण आणि चार. उत्तर यायचं ते महिरपी कंसात. आधी ‘वेळ’ हा शब्द, मग दोन टिंबं, मग तीन. डब्यावर चिकटवलेलं नाव आणि डब्यातला जिन्नस, एवढंच. याला जेसन म्हणतात. डग्लस क्रॉकफर्ड यांनी हे रूप लोकांपुढे आणलं आणि एक्सएमएलच्या लखोट्यांपुढे ते इतकं सुटसुटीत होतं, की आज बहुतेक सेवा त्यातच बोलतात. मी पहिल्यांदा तिथीचं नाव मराठीत परत पाठवलं तेव्हा ‘चतुर्थी’च्या जागी तिरक्या रेघा आणि आकडे आले. मला वाटलं संगणक बिघडला. बिघडलं काही नव्हतं. प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक तेवढा छापला होता, घेणाऱ्याकडे गेल्यावर त्याचं पुन्हा चतुर्थी होतं. एक खूण बदलली की इथेही नीट दिसतं.

रात्री जेवताना सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी भाताचा घास हातात धरून विचारलं, “सतराव्या तिथीक तुझा यंत्र काय सांगतला?”

विचारून बघितलं. यंत्रानं बेधडक सांगितलं, पावणेएक. उणे तीन तिथी विचारली तर त्याचंही उत्तर तयार. तिथीच्या जागी ‘चिंगूळ’ लिहिलं तर मात्र कोलमडलं आणि पाचशे म्हणून ओरडलं.

तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. उत्तर द्यायला बारा ओळी लागल्या होत्या, नाही म्हणायला चाळीस लागल्या. ब्राउझर आणि सेवा ज्या ठरलेल्या पद्धतीनं बोलतात तिला एचटीटीपी म्हणतात, आणि तिच्यातल्या उत्तरांना तीन आकडी क्रमांक असतात. दोनशेच्या घरातले म्हणजे काम झालं. चारशेच्या घरातले म्हणजे विचारणाऱ्याचं चुकलं: चारशे म्हणजे तुझा प्रश्नच धड नाही, चारशे एक म्हणजे तू कोण ते आधी सांग, चारशे चार म्हणजे या पत्त्यावर असं काही नाही. पाचशेच्या घरातले म्हणजे देणाऱ्याचं चुकलं. चूक कोणाकडे आहे ते पहिल्या आकड्यातच ठरलेलं. घरातल्या भांडणांना ही सोय असती तर किती बरं झालं असतं. सतराव्या तिथीला माझी सेवा पाचशे म्हणून ओरडून चालणार नव्हतं, कारण तो गुन्हा तिचा नाही. आणि पावणेएक सांगणं तर त्याहून वाईट, कारण विचारणारा ते खरं मानून खाडीवर जाईल.

आता त्या गृहस्थांच्या मुद्द्याकडे येते. घेणारा व्हायला अक्कल लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा पहिला घेणारा म्हणजे माझा भाचा, पुण्यातल्या मोठ्या कंपनीत काम करणारा. त्याचे मित्र सुट्टीत कुणकेश्वरला येतात. त्यांच्यासाठी त्यानं मोबाइलवर एक पान केलं: आजची भरती कधी, ओहोटी कधी. वेळ माझ्या सेवेकडून घ्यायची. दोन महिने कोणाला काही खटकलं नाही. मग एका पौर्णिमेला चूक नजरेस आली. माझ्या सेवेनं उत्तर दिलं ११.२५. त्याच्या पानावर उमटलं, अकरा वाजून पंचवीस मिनिटं.

पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. सव्वाअकरा म्हणजे अकरा पंधरा. माझं ११.२५ तासांतलं होतं, त्यानं ते घड्याळातलं वाचलं. त्याच्या पिढीनं पाऊणकी म्हटलेली नाही, पण खरं सांगायचं तर दोष माझाच. आकडा दिला आणि तो कशातला ते सांगितलं नाही. दहा मिनिटांनी कोणी बुडलं नाही. तरी मला रात्री झोप येईना. उठले, आकड्याच्या जागी दोन टिंबांसह ‘११:१५’ असा मजकूर पाठवायची व्यवस्था केली आणि समाधानानं झोपले.

सकाळी भाच्याचा फोन. त्याचं पान कोरं पडलं होतं. ओहोटीची वेळ काढायला तो माझ्या आकड्यात सहा मिळवत होता. रातोरात आकड्याची अक्षरं झाली, अक्षरांत सहा मिळवता येईनात, आणि सगळं खाली आलं. काल माझ्या चुकीनं त्याचं पान दहा मिनिटं चुकत होतं. आज माझ्या दुरुस्तीनं ते बंद पडलं.

महोदय, ही एक सकाळ मला कुठल्याही पुस्तकानं दिली नसती. मी नुसती देणारी असते तर म्हटलं असतं, मी सुधारणा केली, तुम्ही तुमचं बघा. मी नुसती घेणारी असते तर म्हटलं असतं, ही सेवा बेभरवशाची. दोन्ही बाजू एकाच घरातल्या असल्यामुळे दोघांनाही तसं म्हणता येईना. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात वेळापत्रक बदलते. गाड्या सावकाश हाकायच्या म्हणून बदलावंच लागतं. पण ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं आधी छापून येतं. मांडवी एक्सप्रेसची वेळ कोणी रात्री झोप येईना म्हणून बदलत नाही. तेव्हापासून माझ्या सेवेच्या पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक आहे. पहिली जुन्याच पद्धतीनं ११.२५ सांगते. दुसरी ‘११:१५’ सांगते, सोबत ‘अंदाज’ असा शब्दही पाठवते. ज्याला जी हवी त्यानं ती घ्यावी.

आंब्याच्या ऑर्डरींची सेवा २०२३ च्या हंगामात सुरू केली. गिऱ्हाईक पेट्या नि पत्ता लिहितं, माझा प्रोग्रॅम ते साठवतो, मग पार्सल नेणाऱ्या एका कंपनीच्या सेवेकडे विनंती धाडतो. तिकडून पावतीचा क्रमांक येतो, तो छापून पेटीला डकवायचा. म्हणजे मी एका हातानं देणारी, दुसऱ्यानं घेणारी. प्रोग्रॅम घरातल्याच संगणकावर, नेट मोबाइलचं, आणि रेंज फणसाखाली गेलं तर दोन काड्या.

एप्रिलातल्या एका संध्याकाळी ठाण्याच्या एका पेटीची विनंती गेली आणि उत्तर आलं नाही. मी मोठ्या शहाणपणानं लिहून ठेवलं होतं, दहा सेकंदांत उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठव, असं तीनदा. तीनदा गेली. तिन्ही विनंत्या पोचल्या होत्या. वाटेत हरवली होती ती उत्तरं. रात्री नेट सुधारल्यावर दिवसभरातल्या पावत्या ओढून आणल्या, त्यांत एकाच नावाच्या तीन. पेट्या भरणारा मुलगा पावत्या मोजतो, वही कशाला बघेल? तिसऱ्या दिवशी ठाण्याहून आजोबांचा फोन: बाई, मी एक पेटी सांगितली होती, दारात तीन आहेत, कोणाचं लग्न आहे का? एक त्यांनी ठेवली, एक शेजाऱ्यांनी विकत घेतली, तिसरी सोसायटीत वाटली गेली. तिचे पैसे मी मागितले नाहीत.

यात एक फार मोलाची गोष्ट आहे, जी त्या पाठ केलेल्या व्याख्यांत शब्दरूपानं होती आणि मला दहा वेळा वाचूनही कळली नव्हती. विचारणं आणि मागवणं या दोन निराळ्या क्रिया आहेत. एचटीटीपीत त्यांना नावंही निराळी आहेत, गेट आणि पोस्ट. भाव शंभरदा विचारला तरी कोणाचं काही जात नाही. पेटी दोनदा मागवली तर दोन येतात. वीजबिल भरताना पान अडकलं की खाली लिहिलेलं असतं, कृपया पुन्हा बटण दाबू नका, ते यासाठीच. मग उत्तर हरवल्यावर पुन्हा पाठवायचंच नाही का? पाठवायचं, पण खूण करून. आमच्याकडे लग्नात आहेराची वही लिहायला एक माणूस बसतो. गर्दीत कोणी पुन्हा येऊन तेच पाकीट तेच नाव सांगायला लागलं, तर तो मान वर न करता म्हणतो, तुमचं लिहिलंय. वेब सेवेतही तसंच करतात. प्रत्येक विनंतीला पाठवणाऱ्यानं आपला एक क्रमांक द्यायचा, तोच क्रमांक पुन्हा दिसला तर देणारा नवी नोंद न करता जुनीच पावती परत देतो. त्या कंपनीच्या सेवेत ही सोय होती. त्यांच्या कागदपत्रांत त्यावर अख्खं पान होतं. मी ते वाचलं नव्हतं.

तेव्हा तिथे चूक माझी. पण पुढच्या वर्षीच्या मेमध्ये त्याच कंपनीनं, काही न कळवता, पिन कोडच्या रकान्याचं नाव बदललं. माझी सेवा जुन्याच नावानं पिन पाठवत राहिली. त्यांच्या सेवेनं काय करावं? चारशे म्हणून परत पाठवावं, मला तेव्हाच कळलं असतं. त्यांनी दोनशे पाठवले. काम झालं म्हणून सांगितलं आणि आत, उत्तराच्या पोटात, बारीक अक्षरांत लिहिलं की पिन नाही, पार्सल थांबवलं आहे. मी दोनशेवर विसंबले. सोळा पेट्या त्यांच्या गोदामात चार दिवस पडून राहिल्या आणि पाच पेट्यांतला माल फेकावा लागला. ज्यानं ती सेवा लिहिली त्यानं आयुष्यात एकदाही दुसऱ्याची सेवा वापरून स्वतःचं काही नुकसान करून घेतलेलं नसणार, एवढं मी छातीठोक सांगते. तसं झालं असतं तर पोटात चूक लपवून वर दोनशे लिहायला त्याचा हात धजला नसता.

आता मी उत्तराचा क्रमांकही बघते आणि पोटही उघडून बघते. बाजारात नारळ घेताना हलवून बघतोच की आपण.

सध्या रविवारी सकाळी आमच्या पडवीत सहा मुलं येतात. त्यांना मी व्याख्या सांगत नाही. पहिल्या दिवशी कर्ल शिकवते. ही काळ्या पडद्यावर चालणारी बिनरंगाची आज्ञा, पण सेवेला थेट हाक मारायला तिच्याइतकं सरळ काही नाही. मुलांना तिची जन्मकथा आवडते. डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडनच्या प्रोग्रामरला इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोलीत लोकांना चलनांचे दर सांगायचे होते. ते दर रोज आपोआप ओढून आणायला त्यानं एक लहान प्रोग्रॅम हाताशी घेतला, आणि तोच वाढत वाढत मार्च १९९८ मध्ये कर्ल या नावानं बाहेर आला. म्हणजे मुळात बाजारभाव विचारायचं साधन. आम्हीही त्यानं बाजारभावच विचारतो. केंद्र सरकारचं खुल्या माहितीचं संकेतस्थळ २०१२ पासून आहे, डेटा डॉट गव्ह डॉट इन. तिथे नाव नोंदवून एक चावी, म्हणजे आपली ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची खूण, घ्यायची. मग देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव मागता येतात, जेसन म्हणा, एक्सएमएल म्हणा, जे हवं त्या रूपात. पहिल्या रविवारी नमुन्याची चावी वापरली, दहाच नोंदी आल्या. एका मुलानं गंभीरपणे विचारलं, बाई, भारतात दहाच बाजार? मग कळलं की नमुन्याच्या चावीवर एका खेपेला तेवढंच मिळतं. किती नोंदी हव्यात आणि कितव्यापासून, हे आपण सांगायचं असतं. मोठी रास एकदम उचलायची नाही, पाटीपाटीनं न्यायची.

दुसऱ्या एकानं दर सेकंदाला भाव विचारणारं चक्र लावून ठेवलं. भाव दिवसातून एकदा बदलतो. त्याला सांगितलं, विरजण मागायला शेजारी एकदा जायचं, आणलेलं फडताळात ठेवायचं. दर पाच मिनिटांनी कडी वाजवलीस तर दार उघडणार नाहीत. बहुतेक सेवा अशा वेळी चारशे एकोणतीस देतात, म्हणजे फार झालं, जरा दमानं. आणि तिसऱ्यानं आपली चावी प्रोग्रॅमसकट जगजाहीर ठिकाणी चढवली. त्याला ती रद्द करून नवी घ्यायला लावली आणि आठवडाभर बाकीच्या पाचांनी त्याला उंबऱ्यावर चावी ठेवणारा म्हणून चिडवलं. माझं काम त्यांनी केलं.

पण खरा वर्ग तिसऱ्या रविवारी भरतो. सहा मुलांच्या तीन जोड्या. जोडीतल्या एकानं सेवा लिहायची, दुसऱ्यानं ती वापरून पान करायचं. विषय गावातला: ग्रंथालयातली पुस्तकं, गिरणीची पाळी, कुणकेश्वरच्या यात्रेतली दुकानं. एकमेकांशी बोलायचं नाही, जे काय सांगायचं ते सेवेच्या कागदपत्रांत लिहायचं. पुढच्या रविवारी अदलाबदल. आणि मध्येच, न सांगता, मी एकाची सेवा बंद करते. मग ज्याचं पान पांढरं पडतं तो शिकतो की घेणाऱ्यानं समोरची खिडकी बंद असेल असं धरूनच चालायचं असतं. निदान कालचा भाव कालचा म्हणून दाखवायचा. पहिल्या अदलाबदलीनंतर एका मुलीनं स्वतःहून आपल्या सेवेच्या सगळ्या रकान्यांपुढे एकक लिहून आणलं: रुपये, किलो, मिनिटं. मी काही सांगितलं नव्हतं. आदल्या आठवड्यात तिनं दुसऱ्याची सेवा वापरताना डोकं फोडून घेतलं होतं.

कॉलेजांना माझी सूचना एवढीच आहे. पाच मार्कांची व्याख्या ठेवा हवं तर, पण प्रॅक्टिकलला दोन मुलं दोन संगणकांवर बसवा. जगाचं इंटरनेट बंद ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. लॅबमधले संगणक एकमेकांशी बोलू शकतात, वेब सेवा शिकायला तेवढं पुरतं. खर्च शून्य.

आणि याच निकषावर आपल्या जिल्ह्यातल्या कार्यालयांबद्दल एक ओळ. तालुक्यातला पाऊस, बोटींच्या वेळा, एस.टी.चं बदललेलं वेळापत्रक ही माहिती त्यांच्याकडून मिळते, नाही असं नाही. पण कशी? कागदावर छापून, त्यावर शिक्का मारून, त्याचा फोटो काढून, आणि तो फोटो तिरका. कधी मजकूर जुन्या फाँटात असतो, उचलून दुसरीकडे ठेवला की मराठीचं गटारीगीत होतं. माणसाला ते वाचता येतं, प्रोग्रॅमला नाही. मग आमच्या सहा मुलांपैकी कोणीतरी रविवार घालवून ते पुन्हा टाइप करतं. हे मुद्दाम होत नाही. देणाऱ्यानं कधी घेऊन बघितलेलं नाही, म्हणून होतं. कोणा कार्यालयाला वाटलं तर आमची मुलं येऊन त्यांची खिडकी बांधून देतील, पैसे नकोत, चहा पुरे.

शेवटी एक जाहीर निवेदन, कारण फोनवर सांगून उपयोग झालेला नाही. माझ्या भरतीच्या सेवेची पहिली आवृत्ती, म्हणजे सव्वाअकराला ११.२५ म्हणणारी, येत्या ३१ जुलैला, मासेमारीबंदी संपते त्याच दिवशी, कायमची बंद होत आहे. सर्व वापरकर्त्यांनी त्याआधी दुसऱ्या आवृत्तीवर यावं. आजमितीस पहिल्या आवृत्तीचा एकच वापरकर्ता शिल्लक आहे, तो पुण्यात असतो, आणि त्याची आई हे वृत्तपत्र घेते.

आपली,
एक वाचक, तालुका देवगड
(नाव-पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये. ठाण्याचे आजोबा ओळखतील.)